हप्ता नसलेली गाडी

आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन खाली उतरवल्यावर मिस्त्रींनी एक आकडा सांगितला आणि त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांच्या एजंटनं दुसरा. मिस्त्रींचा आकडा 1 लाख 60 हजार, फुल इंजिनचा, म्हणजे सगळं इंजिन उघडून पुन्हा बांधायचा. एजंटचा 2 लाख 60 हजार, गाडी आहे त्या अवस्थेत उचलून न्यायचा. इंजिन करून, रंग मारून चालू गाडी म्हणून विकली तर चार लाखांपर्यंत जाईल, असंही तो म्हणाला. म्हणजे दीड-पावणेदोन लाख घालायचे आणि विकताना तेवढेच वर मिळवायचे, मधली धावपळ फुकट. त्यातून एक गोष्ट लगेच स्पष्ट झाली. गाडी विकायचीच असेल तर तिला पाना लावायचा नाही, आणि खर्च करायचा तर ती ठेवण्यासाठीच करायचा.

आमची गाडी टाटाची एलपीटी 1613, सहा टायरी, 2009 ची. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ती फायनान्सवर घेतली, हप्ते फेडले आणि आर.सी. बुकावरचा बोजा उतरवून आणला. मी कोल्हापुरात एका सी.ए.च्या ऑफिसात काम करते, आणि गाडीची वहीही मीच लिहिते: डिझेल, भत्ता, टोल, टायर, वाराई, आलेलं भाडं. (वाराईचा रकाना लिहिताना मला दर वेळी राग येतो. माल व्यापाऱ्याचा, उतरवून घेणार व्यापारी, आणि हमालीचा भार गाडीवाल्यावर. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही गाडीवाल्यांची मागणी अगदी रास्त आहे.) वही माझ्याकडं असल्यामुळं ठेवायची की विकायची हा विषय घरात निघाला की सगळे माझ्याकडं बघतात. निर्णय आण्णांचा, पण आकडे मी मांडायचे.

आधी इंजिनाचं सांगते. आजार काही अचानक आलेला नव्हता. सकाळी स्टार्टरला वेळ लागत होता, ऑइल खायला लागली होती, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर मारत होती, आणि आंबा घाट भरतीनं चढताना ड्रायव्हरमामांना एक गिअर खाली घ्यावा लागत होता. मिस्त्रींनी नुसतं ब्रीदरवर हात धरून सांगितलं, “बॅक मारतीया. रिंगा गेल्यात.” म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्यात आणि इंजिनाचा जोर खाली निसटतोय. हाफ इंजिन करून चालेल का, असं आण्णांनी विचारलं. हाफ म्हणजे क्रँकला (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) हात न लावता पिस्टन, रिंगा, हेडचं काम करून गाडी पुन्हा रस्त्यावर. खर्च निम्म्यानं कमी. मिस्त्रींनी सरळ नाही म्हटलं. ऑइल प्रेशर आधीच पडतंय, वरून जोर वाढवला तर खालची बेअरिंगं सहा महिन्यांत बोलायला लागतील, आणि मग सगळं इंजिन पुन्हा उतरवायचं. क्रँक आधी दहाच्या आणि मग वीसच्या मापावर घासून बारीक केलेला आहे, आता तीसवर जाईल. त्यापुढं घासायचा नाही, पुढच्या वेळी नवा क्रँकच. हे त्यांनी आधीच सांगून टाकलं, आणि माझ्या दृष्टीनं हीच सगळ्यात कामाची माहिती होती. या इंजिनाला हे शेवटचं मोठं काम. त्याच्या पुढचं आयुष्य किती, याची एक कड हाताला लागली.

या इंजिनाविषयी मला आदर आहे. 1954 मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले आणि पंधरा वर्षं ट्रकच्या जाळीवर तीन टोकांचा तारा होता. 1969 मध्ये तो तारा गेला आणि टाटांचं चिन्ह आलं. आमच्याकडचे म्हातारे ड्रायव्हर त्या जुन्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणायचे. तारा गेला तरी जर्मन सहा सिलिंडर इंजिनाचं माप आपल्याकडं राहिलं: 97 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), 128 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), 5675 सी.सी. सहा सिलिंडर आणि सत्त्याण्णवचा बोअर, म्हणून इंजिनाचं नाव 697. चार सिलिंडरचं 497 आहे, त्याचाही बोअर तोच. इतकी वर्षं एकच माप टिकल्यामुळं काय झालं, तर पिस्टनपासून गास्केटपर्यंत सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक घासणाऱ्याला माप सांगावं लागत नाही, आणि आमच्या मिस्त्रींसारखा माणूस कॉम्प्युटर न लावता, कानानं ऐकून दोष काढतो. गाडी दुरुस्त करण्याजोगी असणं ही माझ्या मते तिची किंमतच आहे. एजंटच्या आकड्यात ती कधीच धरलेली नसते.

आता दादाची बाजू. दादा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे आणि त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. तो म्हणाला, 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रकवरचा जी.एस.टी. 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, नवी गाडी घ्यायची तर हीच वेळ. दुसरं, 2018 मध्ये केंद्रानं एक्सल लोड वाढवले. दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन 16.2 टनांवरून 18.5 टनांवर गेलं, पण आपल्या आर.सी.वर 16.2 च छापलेलं आहे. शेजारची नवी सहा टायरी आपल्यापेक्षा दोन टनांवर माल कायदेशीर भरते आणि भाडं टनावर ठरतं. तिसरं ॲव्हरेज. आपली गाडी साडेचार देते, नवी सहाच्या आसपास देईल.

तिन्ही मुद्दे खरे आहेत. म्हणून मी ते वहीत मांडून बघितले. आमची गाडी अलीकडं वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास धावते. साडेचारच्या ॲव्हरेजनं त्याला साधारण 5,550 लिटर डिझेल लागतं, सहाच्या ॲव्हरेजनं 4,170 लिटर. फरक 1,380 लिटरचा, नव्वद रुपयांनी धरला तर वर्षाला सव्वा लाख. चांगली रक्कम आहे. पण नवी गाडी बॉडीसकट पंचवीस लाखांच्या पुढं जाते. त्यातले बावीस लाख कर्ज काढले, साडेदहा टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी, तर महिन्याचा हप्ता 47 हजारांच्या वर. वर्षाला पावणेसहा लाख. डिझेलात वाचलेला सव्वा लाख त्यात घातला तरी साडेचार लाख वर उरतात, आणि आमची गाडी सगळा खर्च जाऊन वर्षाला तेवढे सोडतच नाही.

हीच गाडी वर्षाला ऐंशी हजार किलोमीटर धावत असती तर डिझेलातच चार लाख वाचले असते, वर दोन टन जास्तीचा माल, आणि मग मीच आण्णांना म्हटलं असतं, विका. लांबच्या लाइनला जुनी गाडी परवडत नाही, हे निर्विवाद आहे. म्हणून गाडी किती जुनी झाली यापेक्षा आपल्याकडं तिला किती धाव उरली आहे, हे आधी ठरवायला पाहिजे, असं मी दोघांनाही सांगितलं.

दादानं त्यावर बरोबर प्रश्न टाकला. हप्त्यातला सगळा पैसा खर्च नसतो, नवी गाडी पाच वर्षांनीही दहा-बारा लाख आणेल, ते तू धरलंस का? धरलं. तरी घट आणि व्याज मिळून वर्षाला चार लाखांच्या वर जातात. आणि जुनी ठेवण्याचीही खरी किंमत मी लपवली नाही. इंजिनाचे 1 लाख 60, डिझेल पंप-नोझलचे 30 हजार, क्लच 25, चारी चाकांचं ब्रेकचं काम 20, कमानपाटे आणि रिव्हेट 15, केबिनचे 18. झाले 2 लाख 68 हजार. शिवाय एजंट देतोय ते 2 लाख 60 हजार आपण घेत नाही, म्हणजे तेही आपण या गाडीत घालतोय असंच धरायला हवं. एकूण सव्वापाच लाखांच्या वर. चार वर्षं चालवली आणि शेवटी दीड लाख आले, तर वर्षाला पंचाण्णव हजारांच्या घरात, महिन्याला आठ हजारांच्या आत. त्यात एखादं मोठं काम निघेल म्हणून आणखी चार हजार धरले तरी बारा. 47 हजार आणि बारा हजार, हे दोन आकडे मी आण्णांच्या पुढं ठेवले.

आईनं आकडे ऐकले आणि 2020 आठवलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या एका चुलत्यांची बारा टायरी नवी होती. बँकांनी ऑगस्टपर्यंत हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली खरी, पण व्याज थांबलं नव्हतं. ते मुद्दलात मिळत गेलं. आमची गाडीही तेव्हा दारात उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून आण्णा अधूनमधून ती चालू करायचे, एवढंच. आई म्हणाली, “आपली हुबी हुती तरी आपण जेवत हुतो. त्यांच्या घरात कुणाला घास गोड लागत नव्हता.” माझ्या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांचा अर्थ त्यात आला. हप्त्याची गाडी पळावीच लागते. भाडं पडलेलं असलं तरी, ड्रायव्हर आजारी असला तरी, घाटात दरड आली तरी. हप्ता नसलेल्या गाडीला उभं राहता येतं. एका गाडीवर चालणाऱ्या घराला ही मोकळीक किती मोठी आहे, हे एकदा तरी हप्ता चुकलेल्यालाच कळतं.

उभी गाडी अगदी फुकट मात्र राहत नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर गाडीच्या वयावर नसतो, वजनावर असतो. बारा ते वीस टनांच्या मालवाहू गाडीला 2022 मध्ये ठरलेला दर 35,313 रुपये, गाडी नवी असो की सोळा वर्षांची. आठ वर्षांनंतर पासिंग, म्हणजे फिटनेसची तपासणी, दर वर्षाला. पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेस प्रमाणपत्राची फी केंद्रानं ऑक्टोबर 2021 च्या अधिसूचनेनं 12,500 रुपये ठरवली, आणि वय वाढेल तसा हा भार वाढतच जाणार, असं धरून चालावं. वर जुन्या गाड्यांवरचा हरित कर. आणि प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणं जड मालवाहू गाडीचं उत्पन्न टनाला महिन्याला 1,000 रुपये असं गृहीत धरतात, गाडी तुमच्या नावावर असली की पुरे, ती धावली की नाही हे बघत नाहीत. आमच्या 16.2 टनांना महिन्याचे 16,200. ऑफिसात येणाऱ्या गाडीवाल्यांना मी हे पहिल्यांदा सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

मग धाव किती उरली? ती ठरवायला दोन गोष्टी पुरेशा होत्या, परमिट आणि ड्रायव्हरमामा.

दोन एक्सलच्या गाडीला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट ठेवता येत नाही. मल्टिएक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त एक्सलच्या गाडीला, पंधरा वर्षं. आमची गाडी बारा वर्षं गुजरातच्या लाइनला होती: कोल्हापूरहून गूळ, येताना मोरबीच्या फरश्या. 2021 मध्ये ते परमिट संपलं आणि गाडी महाराष्ट्रात आली. तेव्हापासून ती कोकणात जाते. साखर, सिमेंट, खत, धान्य खाली न्यायचं आणि येताना जांभ्याचा चिरा भरायचा. हे काम मोठ्या गाड्यांच्या हातात सहज जात नाही. बारा टायरी गाडी गावातल्या सोसायटीच्या गोदामापर्यंत पोचत नाही, चिऱ्याच्या खाणीवरच्या लाल वाटेला वळत नाही. सहा टायरी वळते. नऊ टनांची ऑर्डर देणारा दुकानदार पंचवीस टनांची गाडी मागवत नाही. हे काम आहे तोवर सहा टायरीला काम आहे. मेव्हण्यांनी सुचवलं होतं की गळीत हंगामात कारखान्याला ऊस ओढायला लावा, चार महिन्यांत पैसा निघतो. निघत असेल. पण ऊसतोड टोळीला उचल देण्यातली जोखीम, आणि हौद्याच्या वर दिसेल तेवढा ऊस रचून शेताच्या खड्ड्यातून गाडी काढणं, हे सोळा वर्षांच्या चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) सोसणारं नाही. त्याला आण्णांनी आणि मी एकाच वेळी नाही म्हटलं.

ड्रायव्हरमामा पन्नाशी ओलांडलेले. त्यांना आता लांबची लाइन नको आहे. कोकणात रात्री उतरून दुसऱ्या दिवशी घरी, एवढीच फेरी त्यांना हवी. नवी गाडी घेतली असती तर हप्त्यासाठी तिला लांब पाठवावं लागलं असतं, आणि त्यासाठी दुसरा ड्रायव्हर शोधावा लागला असता. चांगला ड्रायव्हर मिळणं आज गाडी मिळण्यापेक्षा अवघड आहे. पण मामांच्याच बाजूनं विचार केला की जुन्या गाडीचं दुखणंही दिसतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला ए.सी. सक्तीचा झाला. फार आधी व्हायला हवा होता तो. आमच्या केबिनमध्ये इंजिनाचं बॉनेट ड्रायव्हरच्या मांडीला लागून आहे, एप्रिलमध्ये घाट चढताना तिथं हात ठेवता येत नाही. खर्चाच्या यादीतले केबिनचे 18 हजार त्यासाठीच आहेत: बॉनेटला उष्णता अडवणारं अस्तर, नवी सीट, दोन पंखे, सगळं वायरिंग. ए.बी.एस. (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) या गाडीला नाही, म्हणून ब्रेकच्या कामात काटकसर करायची नाही असं मी लिहूनच ठेवलं. गाडी ठेवायची आणि तिच्यात बसणाऱ्या माणसावर पैसे वाचवायचे, हे मला मान्य नाही.

धुराचा मुद्दाही मी टाळणार नाही. देशभर बी.एस. 3 हे धुराचं मानक 2010 मध्ये लागू झालं आणि बी.एस. 6 1 एप्रिल 2020 ला. आमची 2009 ची गाडी त्या सगळ्याच्या आधीची. नव्यानं बांधलेलं इंजिन, पंपाची नीट कॅलिब्रेशन, साफ नोझल यांनी काळा धूर जाईल, पण गाडी बी.एस. 6 होणार नाही. शाळा सुटायच्या वेळी गावातून जाणारा प्रत्येक जुना ट्रक त्या पोरांच्या छातीत काहीतरी सोडून जातो, हे मला माहीत आहे. वर्षाला पंचवीस हजारांच्या आत चालवायची, उगाच इंजिन चालू ठेवून उभी करायची नाही, पंप दर वर्षी तपासायचा, एवढं आम्ही करू शकतो. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. चार वर्षांच्या पुढं ही गाडी ओढायची नाही, असं मी ठरवलं त्याचं एक मोठं कारण हेच.

इतकं सगळं झालं तरी निकाल चेसिसवर होता. मिस्त्री पहिल्यापासून सांगत होते, “इंजिनाचं काय, पैसे टाकले की हुतंय. चेसिस गेली की गाडी गेली. ताई, आदी चेसिस बघूया, मग तुमची वही.” एका रविवारी मी आणि आण्णा गॅरेजवर गेलो. गाडी खड्ड्यावर घेतली होती. मिस्त्रींनी हातात छोटा हातोडा घेतला आणि पुढच्या कमानपाट्याच्या ब्रॅकेटपासून चेसिसच्या डाव्या लांब तुळईवर ठोकत ठोकत मागं निघाले. दोन बोटांच्या अंतरावर एक ठोका. खणखणीत आवाज यायचा, गंजाच्या पापड्या खाली पडायच्या, ते पुढं सरकायचे. मागच्या कमानपाट्याच्या ब्रॅकेटपाशी आवाज बसला. तिथं ते थांबले. तारेच्या ब्रशनं रंग घासला, आत तांबडा गंज. मग चिंधीनं डिझेल लावलं, थोडा वेळ जाऊ दिला, कोरड्या चिंधीनं लख्ख पुसलं आणि त्यावर खडू घासला. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ होऊन उमटतं. आम्ही तिघं बॅटरीच्या उजेडात त्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघत उभे. आण्णा एक शब्द बोलत नव्हते. रेघ आली नाही. चार रिव्हेट ढिल्या होत्या, आवाज त्यांचा होता. उजव्या बाजूला तेवढंही नव्हतं.

त्याचं श्रेय आण्णांना आहे. खताची भरती झाली की गाडी उतरल्या उतरल्या हौदा धुवायचा, फळ्यांच्या फटीतून खाली चेसिसवर पाणी सोडायचं, हा त्यांचा नियम. पोटॅश आणि युरिया ओल धरतात आणि लोखंड खातात. मामा कितीही दमलेले असोत, खत उतरलं की आधी पाण्याचा पाइप. आर.सी.वरच्या मंजूर वजनापेक्षा जास्तीची भरतीही त्यांनी कधी घेतली नाही, आणि त्यासाठी किती भाडी सोडली ते माझ्या वहीत आहे. त्या सोडलेल्या भाड्यांचा मोबदला त्या खड्ड्यात उभं असताना मला दिसला.

विकायचं ठरलं असतं तर काय करायचं, तेही सांगते, कारण कोल्हापूर-सांगली भागात अनेकांच्या दारात आज अशी एखादी गाडी उभी आहे. एजंट म्हणतो, पैसे घ्या, सह्या करून द्या, नाव मी नंतर बदलतो. असं कधी करू नका. मालकी बदलल्याचं आर.टी.ओ.ला चौदा दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देऊन उपयोग नाही, नाव चढलेलं बघेपर्यंत पाठ सोडायची नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं आहे की आर.सी.वर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी चार हात पुढं विकली गेली असली तरी. विमा नसलेली तुमची जुनी गाडी कुठं कुणाला उडवेल, आणि नोटीस तुमच्या दारात येईल. आणि भंगारात काढायची असेल तर गल्लीतल्या कटिंगवाल्याकडं वजनावर देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून घेतलेल्या नव्या व्यावसायिक गाडीच्या करात आठ वर्षांपर्यंत 15 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्रानं 2021 मध्येच केली आहे. चेसिस नंबर कापून जमा होतो, आर.सी. रद्द होते. नाव कायमचं मोकळं.

खडूवर रेघ उमटली असती तर आम्ही तेच केलं असतं. आण्णांनी माझ्या आधी हे मान्य केलं होतं, आणि ज्या माणसानं पंधरा-सोळा वर्षं ती गाडी धुतली त्यानं ते मान्य करणं सोपं नव्हतं.

गाडी ठेवायची ठरली. वहीच्या नव्या पानावर मी अटी लिहिल्या आणि आण्णांनी त्याखाली सही केली. भरती मंजूर वजनाइतकीच. आंबा, फोंडा, गगनबावडा या घाटांच्या पलीकडचा कोकण आणि इकडं कराड-सांगली, यापुढं गाडी जाणार नाही. दर वर्षी पासिंगच्या आधी चेसिस ठोकून, खडू लावून बघायची. महिन्याला पंधरा हजार बँकेत आर.डी.ला, पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटसाठी, म्हणजे चार वर्षांनी कर्ज काढावं लागलं तरी बावीस लाखांचं नको. क्रँकला पुन्हा हात लावायची वेळ आली तर इंजिन करायचं नाही, गाडी स्क्रॅप केंद्रात. दादानं फोनवर सगळं ऐकलं आणि आर.डी.त महिन्याचे पाच हजार त्याचे धरायला सांगितले.

दसऱ्यानंतर क्रँक उद्यमनगरातून घासून आला, तीसची बेअरिंगं बसली, आणि मिस्त्रींनी सिलिंडर हेडचे बोल्ट टॉर्क रेंचनं आण्णांच्या देखत आवळले. पहिले हजारभर किलोमीटर अर्धीच भरती घ्या, घाट नको, मग ऑइल बदलून टॅपेट बघतो, असं त्यांनी बजावलं आहे. त्यामुळं चिऱ्याचं भाडं तूर्त दुसऱ्याला दिलं. दिवाळीच्या तोंडावर चुरमुऱ्याला मागणी असते. कराडच्या एका व्यापाऱ्याची पोती आहेत, हलका माल, सपाट रस्ता. मामा बुधवारी पहाटे निघतील, आणि वाराई व्यापारीच देणार आहे, हे मी फोनवर आधी ठरवून घेतलंय.